सुरतेची वखार आणि कलेतिहासाचा वर्ग

मराठी माणसाच्या मनात सुरत हे नाव एका प्रसंगाशी कायमचे जखडलेले आहे. इ. स. १६६४ च्या जानेवारीत आणि पुन्हा १६७० च्या ऑक्टोबरात शिवछत्रपतींचे घोडे तापीच्या काठी आले, आणि मोगलांच्या या श्रीमंत बंदराची संपत्ती स्वराज्याच्या कामी आली, एवढे आपल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ती संपत्ती एवढी मोठी का होती, ती कोणत्या वस्तूंच्या रूपाने साठली होती आणि त्या वस्तू कोठून येऊन कोठे जात होत्या, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. तो विचारला तर सुरतेचा निराळाच इतिहास डोळ्यांपुढे उभा राहतो. तो कापडाचा आहे, चित्रांचा आहे, शिंपल्यांच्या जडावकामाचा आहे, थडग्यांवरील घुमटांचा आहे. एका अर्थी तो जगाच्या कलेचाच इतिहास आहे. पण आपल्या विद्यापीठांतून कलेचा जो इतिहास शिकवला जातो त्यात या इतिहासाला बसावयास जागा नाही. ती का नाही आणि ती कशी करून देता येईल, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कलेतिहासाचा आपल्याकडील अभ्यासक्रम पाहिला तर त्याच्या दोन स्वतंत्र खोल्या असलेल्या दिसतात. एका खोलीत ग्रीस, रोम, इटलीतील पुनरुज्जीवन आणि पॅरिस ओळीने बसलेले असतात. दुसऱ्या खोलीत मौर्य, गुप्त, चालुक्य, चोल आणि मोगल. मधली भिंत भक्कम आहे. पहिल्या खोलीची मांडणी विलायतेत झाली. हेलेन गार्डनर यांचा १९२६ सालचा ग्रंथ आणि गोम्ब्रिख यांचा १९५० सालचा ग्रंथ यांनी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांना तो क्रम शिकवला. दुसरी खोली आपण पहिलीला उत्तर म्हणून बांधली, आणि तिची मांडणी राजवंशांच्या वंशावळीवर केली. परिणाम असा झाला की ज्या वस्तू दोन्ही खोल्यांच्या उंबरठ्यावर जन्मल्या त्या कोणाच्याच राहिल्या नाहीत. इंडोनेशिया, इराण, इजिप्त, पूर्व आफ्रिका हे तर आपल्या व्यापाऱ्यांचे शेजारी. पण आपल्या विद्यार्थ्याला त्यांच्या कलेचे नावही सहसा ऐकू येत नाही.

हा दोष केवळ आपला नव्हे. अमेरिकेतील येल विद्यापीठाने २०२० च्या प्रारंभी, पुनरुज्जीवनापासून आजपर्यंतच्या पाश्चात्त्य कलेचा आपला जुना आणि लोकप्रिय परिचय-पाठ्यक्रम बंद करण्याचे ठरवले, तेव्हा तिकडे मोठा वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की अभिजात परंपरा मोडीत निघत आहे. दुसऱ्या बाजूचे असे की एका खंडाच्या कलेला 'कला' आणि उरलेल्या जगाच्या कलेला 'इतर' म्हणण्याचे दिवस संपले. तिकडील अनेक विद्यापीठांनी यातून मार्ग काढताना संग्रहालयांच्या तळघरांकडे धाव घेतली आहे. जगातील नाना संस्कृतींच्या वस्तू तेथे शंभर-दोनशे वर्षे पडून आहेत. त्या बाहेर काढाव्या, विद्यार्थ्यांच्या पुढ्यात ठेवाव्या आणि त्यांवरून शिकवावे, असा हा विचार आहे. वकिलाच्या दृष्टीने मला तो विशेष पटतो. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने, आणि त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमानेही, एक साधे तत्त्व सांभाळले आहे: मूळ दस्तऐवज उपलब्ध असता नकलेवर भागवू नये. कलेतिहासाच्या वर्गात आपण नेमके उलट करतो. मूळ वस्तू चार फर्लांगांवर असते आणि विद्यार्थी पुस्तकातील धूसर छायाचित्रावरून परीक्षेची उत्तरे लिहितो.

सुरतेत ही मूळ वस्तू कोठे सापडते? पहिली साक्ष उघड्यावरच उभी आहे. कतारगाम दरवाज्याच्या बाजूला इंग्रजांचे आणि डचांचे जुने कबरस्तान आहे. केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित म्हणून जाहीर केले आहे. इंग्रजांची वखार येथे १६१३ च्या सुमारास स्थिरावली, डच थोड्याच वर्षांनी आले. इंग्रजी कबरस्तानात ख्रिस्तोफर ऑक्झेंडन आणि त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्झेंडन यांची दुमजली, घुमटांची समाधी आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज १६६९ मध्ये. हा जॉर्ज म्हणजे १६६४ च्या स्वारीच्या वेळी खंडणी नाकारून वखार लढवणारा इंग्रजांचा मुख्य अधिकारी. मराठी बखरी-कागदपत्रांच्या वाचकाला तो परका नाही. त्याच्या समाधीपाशी उभे राहिले म्हणजे प्रश्न पडतो, ही इमारत कोणत्या शैलीची? आत निजलेला माणूस इंग्रज, धर्म ख्रिस्ती, पण घुमट, कमानी आणि दुमजली रचना गुजरातच्या मुसलमानी मकबऱ्यांची. त्या काळी इंग्लंडातील खेड्याच्या देवळात ज्याला एक फरशी मिळाली असती, त्या व्यापाऱ्याला सुरतेत सरदाराच्या थाटाची कबर लाभली. येथे राहणाऱ्या टोपीकरांना ठाऊक होते की मोगल मुलखात प्रतिष्ठा दगडविटांतून बोलते. सत्ता अजून मिळालेली नव्हती. ऐट मात्र या मातीतून उसनी घेतलेली होती.

डचांनी त्याहून पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या कबरस्तानातील सर्वांत मोठी समाधी हेन्ड्रिक आद्रियान व्हान रीड याची आहे. अष्टकोनी, दोन मजली, भोवती सज्जा आणि वर घुमट अशी तिची रचना आहे. ऑक्झेंडन बंधूंच्या समाधीवर मात करण्यासाठी ती मुद्दाम एवढी भव्य बांधली असे जुने प्रवासी सांगत आले आहेत. व्हान रीड हा डच कंपनीचा मोठा अधिकारी. डिसेंबर १६९१ मध्ये सुरतेकडे येत असता समुद्रातच तो मरण पावला आणि येथे त्याला मूठमाती मिळाली. आता सुरतेतील एका डच कबरीचे आपल्या वाचकांना काय, असे कोणी विचारील. पण आपल्या वाचकांचा या कबरीशी जेवढा संबंध आहे तेवढा क्वचितच कोणाचा असेल.

व्हान रीड हा सुरतेला येण्यापूर्वी कोचीन येथे मलबारच्या डच मुलखाचा प्रमुख होता. तेथे त्याने 'होर्तुस मलबारिकुस' हा प्रचंड ग्रंथ हाती घेतला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे बारा खंड छापले गेले. सातशेहून अधिक वनस्पतींची वर्णने आणि त्यांची मोठमोठी ताम्रपटावरील चित्रे त्यांत आहेत. या कामी त्याला ज्यांनी माहिती पुरवली त्यांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण होते. गोव्यात पोर्तुगीज अमलाखाली छळ सोसून जे सारस्वत दक्षिणेकडे उतरले आणि कोचीनला वसले, त्या समाजातले हे पंडित. ग्रंथाच्या पहिल्या खंडात या तिघांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र छापले आहे, आणि ते कोंकणी भाषेत, देवनागरी लिपीत आहे. अनेक चित्रांवर वनस्पतींची नावे लॅटिन, मल्याळम आणि अरबी अक्षरांबरोबर नागरीतही कोरलेली आहेत. कोंकणीला स्वतःची लिपी कोणती, तिला ग्रंथपरंपरा आहे की नाही, असे वाद ज्यांनी ऐकले आहेत त्यांना या एका पानाचे मोल सांगावयास नको.

पण मला येथे भाषेपेक्षा चित्रांकडे लक्ष वेधावयाचे आहे. वनस्पती मलबारची, ज्ञान कोंकणी आणि मलयाळी वैद्यांचे, रेखाटन मलबारात केलेले, ताम्रपट हॉलंडात कोरलेला, आणि नाव चार लिप्यांत. हे चित्र 'डच कला' म्हणावे की 'भारतीय कला'? अभ्यासक्रमाच्या दोन खोल्यांपैकी कोणतीही त्याला आत घेत नाही. म्हणून ते वनस्पतिशास्त्राच्या कपाटात गेले. केरळच्या डॉ. के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे वेचून त्याचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले आणि ते २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केले, म्हणून निदान शास्त्रज्ञांना तरी ते सुलभ झाले. कलेतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याचे दर्शन अजून व्हावयाचेच आहे.

सुरतेच्या बंदरातून चित्रांची ये-जा दोन्ही दिशांनी होत होती. सर टॉमस रो हा इंग्लंडच्या जेम्स राजाचा वकील १६१५ च्या सप्टेंबरात सुरतेला उतरला आणि पुढे जहांगिराच्या दरबारी गेला. त्याच्यापाशी एक छोटे इंग्रजी व्यक्तिचित्र होते. बादशहाने आपल्या चिताऱ्याकडून त्याच्या नकला करविल्या आणि रात्री दिव्याच्या उजेडात मूळ चित्र त्यांत मिसळून रोपुढे ठेवले. आपले कोणते हे ओळखताना साहेबाची बरीच तारांबळ उडाली, असे त्याने स्वतःच्याच रोजनिशीत नमूद करून ठेवले आहे. त्याच काळातील बिचित्र या चित्रकाराच्या एका प्रसिद्ध चित्रात जहांगीर एका सूफी शेखाला ग्रंथ देत आहे आणि खाली कोपऱ्यात इंग्लंडचा जेम्स राजा ताटकळत उभा आहे. हे चित्र आज वॉशिंग्टन येथील फ्रीअर संग्रहालयात आहे. विलायती राजाची तसबीर उचलून तिला दरबारात नेमके कोठे उभे करावयाचे हे ठरवणारा चितारी नक्कल करणारा कारागीर नव्हता. त्याला स्वतःचा अभिप्राय होता.

उलट दिशेचे उदाहरण त्याहून बोलके आहे. हॉलंडचा सर्वश्रेष्ठ चित्रकार रेम्ब्रांट याने १६५६ ते १६६१ च्या सुमारास मोगल लघुचित्रांवरून स्वतःच्या हाताने रेखाटने केली. त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. अकबर, जहांगीर, शहाजहान यांच्या आकृती त्याने परदेशी कागदावर, नाजूक रेषेने उतरवल्या आहेत. मूळ चित्रे त्याच्यापर्यंत डच कंपनीच्या व्यापारी जाळ्यातून पोचली असावीत, आणि मोगल मुलखातील कंपनीची मुख्य वखार सुरतेला होती. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस येथील गेटी संग्रहालयाने ही रेखाटने मोगल चित्रांशेजारी मांडून प्रदर्शन भरवले. हिंदुस्थानच्या चित्रकाराने युरोपाकडून छायाप्रकाश घेतला, हे आपल्या पुस्तकांत वारंवार येते. युरोपाच्या थोर चित्रकाराने हिंदी चित्रकाराच्या पुढ्यात बसून धडा गिरवला, हे वाक्य मात्र त्यांत शोधावे लागते.

तथापि सुरतेची खरी कला कागदावरची नव्हे, कापडावरची. पाटणचे पटोळे, अहमदाबादेकडची छापील वस्त्रे आणि सुरतेची जर या बंदरातून जगभर जात. देवाच्या पीतांबराची, शेल्याची आणि पैठणीच्या पदराची जर सुरतेची असते हे आपल्या घराघरांत माहीत आहे. पण हेच गुजराती कापड जावा, सुमात्रा, बाली, सुलावेसी या बेटांवर गेल्यावर त्याला जो मान मिळाला तो ऐकून नवल वाटते. डच कंपनी तेथील राजांना पटोळे नजराणा म्हणून देत असे; ते नेसण्याचा अधिकार राजघराण्यांपुरता राखलेला असे. सुलावेसीच्या डोंगराळ भागातील तोराजा लोकांनी गुजराती छापील वस्त्रे पवित्र ठेव म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जपली आणि केवळ विधीच्या दिवशी बाहेर काढली. त्यांतील काही वस्त्रे कार्बन कसोटीने चौदाव्या शतकाच्या आसपासची ठरली आहेत. येथे, जेथे ती विणली आणि छापली गेली, तेथे त्या वयाचे वस्त्र हवामानाने टिकू दिले नाही. पश्चिमेकडे पाहावे तर इजिप्तच्या जुन्या कैरो भागातील उकिरड्यांतून गुजराती छापील कापडाचे तुकडे निघाले. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात न्यूबेरी संग्रहाचे असे बाराशेहून अधिक तुकडे आहेत. तेव्हा गुजरातच्या जुन्या कापडाचा इतिहास लिहावयाचा तर कैरो आणि सुलावेसी यांना साक्षीस बोलावल्यावाचून गत्यंतर नाही.

हे कापड परदेशातील कोणत्या संग्रहालयांत ठेवले गेले, हेही अर्थपूर्ण आहे. हॉलंडात रेम्ब्रांट कलासंग्रहालयात गेला. पटोळे मानववंशशास्त्राच्या संग्रहालयांत गेले. एकाला 'कला' म्हटले, दुसऱ्याला 'लोकांच्या चालीरीतींचा नमुना'. ॲम्स्टरडॅम, लायडन आणि बर्ग एन डाल येथील अशी तीन संग्रहालये २०१४ मध्ये 'जागतिक संस्कृतींचे राष्ट्रीय संग्रहालय' या एका नावाखाली एकत्र आली, आणि २०२३ पासून त्यांनी 'जगाचे संग्रहालय' या अर्थाचे नाव घेतले. नाव बदलल्याने जुनी वर्गवारी एका दिवसात पुसली जात नाही, हे खरे. पण वर्गवारीचा जाब विचारला जाऊ लागला हेही खरे. आपण तरी निराळे काय करतो? आपल्या पाठ्यपुस्तकांत मूर्ती ही कला, आणि जिने त्या मूर्तीला नेसवले ते वस्त्र म्हणजे हस्तोद्योग. चित्र ही कला, आणि सुरतेचे सादेली जडावकाम म्हणजे पेटारा. पारशी व्यापारी जमशेटजी जिजीभाई यांनी सुरतेच्या तीन विणकरांना चीनला धाडले आणि ते तनछोईची विद्या घेऊन परतले, अशी परंपरा सांगते. ती कथा आपण कौतुकाने सांगतो, पण कलेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत तिला गुण नाहीत.

आता कोणी म्हणेल, युरोपची संग्रहालये समृद्ध, आपल्यापाशी जगाच्या वस्तू कोठे? याचे उत्तर एका मराठी राजाने केव्हाच देऊन ठेवले आहे. सुरतेहून आगगाडीने दोन-अडीच तासांवर बडोदे आहे. नाशिक जिल्ह्यातील कौळाणे या खेड्यात जन्मलेल्या आणि बडोद्याच्या गादीवर आलेल्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी आपल्या प्रजेसाठी संग्रहालय उभारले. त्याची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. महाराजांनी त्यात केवळ संस्थानच्या वस्तू ठेवल्या नाहीत. इजिप्तची ममी आली, चीन-जपानच्या वस्तू आल्या, नेपाळ-तिबेटच्या आल्या. १९२१ मध्ये उघडलेल्या चित्रशाळेसाठी स्पीलमन या इंग्रज समीक्षकाच्या साहाय्याने युरोपीय चित्रे निवडून आणली. सामान्य प्रजेला जग पाहावयास विलायतेस जाणे शक्य नव्हते, म्हणून जगाला त्यांनी बडोद्यास बोलावले. पुढे १९४० च्या दशकात हरमन गोएट्झ हे जर्मन पंडित या संग्रहालयाचे संचालक होते आणि त्यांनी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, १९५० मध्ये त्यात ललितकला विभाग निघाला आणि १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचे शिक्षण सुरू झाले. विद्यापीठ आणि जगाचा संग्रह हे एकाच गावात, एकाच नावाच्या छत्राखाली नांदावे, असा योग हिंदुस्थानात दुसरीकडे फारसा जुळलेला नाही.

सुरतेपाशीही स्वतःचा संग्रह आहे. १८९० मध्ये विंचेस्टर या गोऱ्या अधिकाऱ्याच्या नावाने येथे संग्रहालय निघाले. स्वातंत्र्यानंतर त्यास सरदार वल्लभभाई पटेलांचे नाव मिळाले. जरीचे कापड, लाकडी कोरीव काम, चिनी मातीची भांडी, नाणी, हस्तलिखिते असा त्यात संचय आहे. चिनी मातीचे एखादे ताट घ्यावे: चीनमध्ये भाजलेले, जहाजातून आलेले, सुरतेच्या शेटजींच्या पंगतीला वाढलेले. एका ताटावर तीन समुद्रांचा भूगोल शिकवता येतो. तापीकाठचा जुना किल्लाही महानगरपालिकेने दुरुस्त करून लोकांस पाहण्यासाठी खुला केला आहे. १९६५ च्या कायद्याने स्थापन झालेले, आणि आज कवी नर्मदाचे नाव धारण करणारे दक्षिण गुजरात विद्यापीठ याच शहरात आहे. म्हणजे विद्यार्थी आहे, वस्तू आहे, वास्तू आहे; त्यांना एकमेकांपाशी नेणारी वाट तेवढी रुळावयाची आहे.

मुंबईने या वाटेवर काही पावले टाकली आहेत. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने ब्रिटिश म्युझियम आणि दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय यांच्या सहकार्याने २०१७ च्या नोव्हेंबरात 'भारत आणि जग' हे प्रदर्शन भरवले; त्यात आपल्या देशातील वस्तू आणि त्याच काळातील परदेशी वस्तू शेजारी शेजारी मांडल्या होत्या. २०२३ च्या डिसेंबरात त्याच संग्रहालयात इजिप्त, असुरिया, ग्रीस आणि रोम येथील प्राचीन शिल्पे भारतीय शिल्पांच्या पंक्तीला येऊन बसली. ग्रीक देवता पाहावयास लंडनला जाणारा भारतीय विद्यार्थी आणि स्वतःच्या देवतांच्या शेजारी ग्रीक देवता पाहणारा विद्यार्थी, यांच्या मनांत उठणारे प्रश्न सारखे नसतात. पहिला पाहुणा म्हणून पाहतो. दुसरा यजमान म्हणून.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो देवस्थानांशी ज्यांचा नित्य संबंध आहे अशा आपल्या वाचकांकडून येणे अगदी रास्त आहे. जगातील मोठ्या संग्रहालयांत ज्या वस्तू आहेत त्यांतील कित्येक देवळांतून उचललेल्या आहेत. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, जिला नैवेद्य आणि आरती होत होती, ती काचेच्या कपाटात ठेवून तिच्यावर विद्यार्थ्यांनी निबंध लिहावेत, हे योग्य काय? चोरीच्या मालावर ज्ञानाचा व्यापार करणे म्हणजे चोरीला मान्यता देणे नव्हे काय?

या प्रश्नाला कायद्याने दिलेले उत्तर मननीय आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये, प्रमथनाथ मल्लिक यांच्या प्रसिद्ध दाव्यात, देवमूर्ती ही कोणाच्या मालकीची निव्वळ जंगम वस्तू नसून तिला कायद्याने स्वतंत्र व्यक्तित्व आहे, हे आपल्या धर्मशास्त्रातील तत्त्व मान्य केले. साठ-पासष्ट वर्षांनी या तत्त्वाची कसोटी थेट लंडनमध्ये लागली. तमिळनाडूतील पत्तूर येथील नटराजाची कांस्यमूर्ती १९७६ मध्ये जमिनीतून निघाली, चोरट्या हातांतून लंडनला पोचली, आणि एका कॅनेडियन कंपनीने ती विकत घेतली. दावा उभा राहिला तेव्हा पडके देऊळच वादी म्हणून न्यायालयापुढे आले. इंग्लंडच्या कायद्यात देवळाला असे व्यक्तित्व नाही. तरीही १९८८ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि १९९१ मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला की स्वदेशाच्या कायद्याने ज्या देवळास दावा लावता येतो त्यास तो इंग्लंडातही लावता येईल. नटराज परत आले. आपल्या देशाने १९७२ च्या पुरावस्तू अधिनियमाने अशा वस्तूंच्या निर्यातीस बंदी घातली आहे. पण कायद्याचा हात पोचण्यापूर्वी वस्तूची ओळख पटावी लागते. ती ओळख पटवण्याचे काम कलेतिहासकार करतो. मूर्तीची शैली, धातू, माती, तिच्या जातीच्या इतर मूर्ती, यांविषयीची तज्ज्ञांची साक्ष न्यायासनापुढे होते तेव्हाच देव घरी परततो.

म्हणून माझे म्हणणे असे की वस्तू वर्गात आणावयाची ती तिच्या हस्तांतराच्या संपूर्ण इतिहासासह आणावी. ती कोणी घडवली, कोणासाठी घडवली, कोठे पूजली गेली, कोणी विकली, कोणी लुटली, कोणत्या कागदावर तिची नोंद झाली, हे सारे तिच्या सौंदर्याइतकेच तिच्या इतिहासाचे अंग आहे. मिळकतीच्या दाव्यात मालकीची साखळी तपासल्यावाचून कोणताही वकील पुढे जात नाही. कलेच्या वर्गातही तीच शिस्त हवी. लायडनच्या संग्रहालयात सुमारे दोन शतके ठेवलेल्या जावामधील सिंहसारी येथील चार मूर्ती, दुर्गा, महाकाल, नंदीश्वर आणि गणेश, डच सरकारने २०२३ मध्ये इंडोनेशियाला परत केल्या. जावाचे गणेश आपल्या गणेशाचेच रूप. पण जकार्ता येथे त्यांचे स्वागत झाले तेव्हा आपल्या किती महाविद्यालयांत त्यांचे नाव निघाले? जो विद्यार्थी मूर्तीचा हा संपूर्ण प्रवास शिकेल तो चोरीला मान्यता देणार नाही. तो उद्याचा साक्षीदार होईल.

देवता स्थलांतरित होणे ही गोष्ट आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावी लागत नाही. सोळाव्या शतकात कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. त्या रात्रींची आठवण आपल्या कुलांनी चार शतके जपली. देव कोठून निघाला, कोणत्या वाटेने आला, कोणी त्याला आणले, हे आपल्या आजीला पाठ असते. वस्तूच्या प्रवासाचा इतिहास म्हणजे हाच. विद्यापीठे आज ज्या पद्धतीच्या शोधात आहेत ती आपल्या घरांत परंपरेने आलेली आहे. फक्त ती आपण देवापुरती ठेवली, देवाच्या समईला, पालखीला आणि वस्त्राला लावली नाही.

तसे का झाले ते पाहावयास दूर जाणे नको. गोवा आणि कोकणपट्टीतील कित्येक देवळांच्या भिंतींवर कावीची चित्रे होती. चुन्याच्या गिलाव्यावर तांबडा लेप देऊन तो ओला असताना रेखाटने कोरून काढण्याची ही कला आपल्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात त्यांतील पुष्कळ भिंती पाडल्या गेल्या, पुष्कळांवर तैलरंग चढला, खाली संगमरवरी फरशी आली. जुन्या समया आणि प्रभावळी मोडीत घालून नव्या घडवल्या गेल्या. यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. देवाला नवे द्यावे ही भक्तीच होती. पण परदेशी संग्रहालयाने नेलेली वस्तू निदान कोठेतरी आहे. आपण वितळवलेली वस्तू कोठेच नाही. लंडनच्या न्यायालयातही तिच्यासाठी दावा लावता येणार नाही.

तेव्हा या विवेचनातून व्यवहारात काय निघते ते थोडक्यात सांगतो. सुरतेच्या विद्यार्थ्यांनी पहिले सत्र पुस्तकापाशी न घालवता ऑक्झेंडन आणि व्हान रीड यांच्या समाध्यांपाशी घालवावे. तेथील घुमट मोजावा, गुजरातच्या मकबऱ्यांशी ताडून पाहावा. दुसरे सत्र सरदार संग्रहालयातील एकेका वस्तूला द्यावे आणि तिसरे बडोद्याच्या चित्रशाळेला. परदेशी संग्रहालयांनी आपल्या वस्तूंची छायाचित्रे आता घरबसल्या पाहता येतील अशी खुली केली आहेत, म्हणून सुलावेसीचे गुजराती वस्त्र आणि पाटणचा माग यांचा ताळा सुरतेतच घालता येईल. परीक्षेत राजवंशांची यादी विचारण्याऐवजी एका वस्तूचे चरित्र लिहावयास सांगावे. यासाठी नवा निधी फारसा लागत नाही. अध्यापकाची इच्छा आणि संग्रहपालाचे सौजन्य लागते.

आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी एक वही घालावी. तीत प्रत्येक मूर्ती, समई, पालखी, वस्त्र आणि कोरीव खांब यांचे माप, छायाचित्र, दात्याचे नाव आणि ठाऊक असेल तेवढा इतिहास लिहून ठेवावा. जीर्णोद्धाराचा ठराव मांडण्यापूर्वी ती वही जवळच्या महाविद्यालयातील कलेतिहासाच्या अध्यापकास दाखवावी, आणि दरवर्षी दोन-चार विद्यार्थ्यांस भांडारगृहात येऊन काम करू द्यावे. सोवळ्याचे नियम पाळूनही हे करता येते. चोरी झाली तर ती वही पुरावा होईल. चोरी न झाली तर ती इतिहास होईल.

रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी एका परक्या अधिकाऱ्याच्या ग्रंथात आपल्या भाषेत, आपल्या लिपीत, 'हे आम्ही सांगितले' अशी नोंद करून ठेवली. ती नोंद नसती तर मलबारच्या वनस्पतींचे ज्ञान जगाने एकट्या डच सरदाराच्या नावावर मांडले असते. सुरतेत त्या सरदाराची भव्य समाधी उभी आहे. त्या तीन पंडितांची कोठे नाही. त्यांची नावे राहिली ती ग्रंथाच्या एका पानामुळे.